वर्गणी कुठली, इलेक्शनचा पैसा कुठला

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे उरकले की चहाच्या टपरीवर एक वाद हमखास निघतो. ‘युनियनची वर्गणी शेवटी पुढाऱ्याच्या इलेक्शनलाच जाते,’ असं एक हमाल म्हणतो आणि दुसरा हातातला पोती ओढायचा लोखंडी आकडा बाकावर आपटतो. दोघंही दोन निधींची गल्लत करत असतात.

नेहमीची वर्गणी जाते सर्वसाधारण निधीत. कचेरीचा खर्च, वकिलाची फी, संपाचा खर्च, सभासद आजारी पडला किंवा दगावला तर मदत, हे सगळं त्यातून. उमेदवाराच्या पत्रकांवर यातला पैसा घालायचा नाही, अशी रेघ 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यानं मारली. राजकीय निधीची वर्गणीच वेगळी. निवडणूक, प्रचारसभा, मतदार नोंदणी, इतकंच काय, निवडून गेलेल्या माणसाचा चरितार्थसुद्धा त्यातून चालवता येतो. सक्ती मात्र नाही. जो देणार नाही त्याचे बाकीचे फायदे तोडता येत नाहीत. फक्त त्या निधीच्या कारभारात त्याला बोलता येत नाही. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही हा वेगळा निधी आहे.

आता गंमत बघा. सर्वसाधारण निधी म्हणजे आपल्यापुरतं आणि राजकीय निधी म्हणजे दुसऱ्यांसाठी, असं कुणाला वाटेल. पण राजकीय निधी कायद्यानं दिला तोही ‘सभासदांच्या’ नागरी आणि राजकीय हितासाठी. म्हणून निधीच्या नावावरून युनियन स्वार्थी की परोपकारी, हे ठरवू नये. माथाडी म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांसाठीचा 1969 चा कायदा राजकीय रेट्यातून आला. त्यासाठी झटणारे अण्णासाहेब पाटील आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातले. या कायद्यात मालक मजुरीवर लेव्ही, म्हणजे मजुरीशिवायची जादा रक्कम, माथाडी बोर्डाकडे भरतो आणि त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी मिळते. त्यासाठी नोंद बोर्डात लागते; युनियनची पावती कुणी विचारत नाही. त्याच अण्णासाहेबांनी 1982 मध्ये मराठा आरक्षणासाठी मुंबईत मोर्चा काढला. तो हमालीच्या दरासाठी नव्हता. पण माथाडीतले कितीतरी जण याच सातारा भागातल्या गावांकडचे मराठा, त्यामुळे ‘आपलं’ कुठं संपतं आणि ‘दुसऱ्याचं’ कुठं सुरू होतं, मला तरी सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र डोळ्यांना दिसते. हंगामात जतकडून आलेला पोरगा हमालांच्या नोंद असलेल्या टोळीतल्या माणसाच्या बरोबरीनं पोती उचलतो. नोंद नसली तर लेव्ही त्याच्या नावावर पडत नाही. युनियननं त्याच्या नोंदीसाठी बोर्डाशी भांडावं का, यावर टपरीवर कुणी आकडा आपटलेला मी अजून पाहिला नाही.