फ्लाय अ‍ॅश, काँक्रीटमधील
औष्णिक वीजकेंद्रात दगडी कोळशाची पूड जळताना धुराबरोबर वर जाणारी व स्थिरविद्युत् अवक्षेपकात (विजेच्या भाराने धूळ खेचून घेणाऱ्या यंत्रात) अडवली जाणारी बारीक राख. काँक्रीटमध्ये ती सिमेंटच्या काही भागाऐवजी घालतात. भट्टीच्या तळाशी पडणारी जाड राख निराळी. तिचा येथे विचार केलेला नाही.

पूर्वेतिहास : हा वापर थेट रोमन काळाशी जोडण्याची प्रथा आहे. रोमनांची राख मात्र ज्वालामुखीची होती; चुन्याशी संयोग पावून घट्ट होणे हा तिचा गुण. आपल्याकडील चुनेगच्चीतली सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची भुकटी, हीही त्याच गुणाची. तत्त्व एकच असले, तरी परंपरा अखंड मानण्यास फारसा आधार नाही. कोळशाच्या राखेतील हा गुण १९१४ च्या सुमारास अमेरिकेत नोंदला गेल्याने काही लेखक आरंभ तेथे धरतात. तथापि राखमिश्रित काँक्रीटचे गुणधर्म पद्धतशीरपणे तपासून मांडले ते कॅलिफोर्निया विद्यापीठातील रेमंड डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९३७ मध्ये. हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पहिला मोठा वापर म्हणून माँटॅनातील हंग्री हॉर्स धरणाचा (१९४८–५३) निर्देश होतो. हूव्हर धरणाच्या बोगद्याची दुरुस्ती त्याआधीची दिसते, पण ते काम मर्यादित होते. भारतात रिहंद धरणात (१९६२) सिमेंटच्या सुमारे १५ टक्के जागी राख घातली गेली. महाराष्ट्रात घाटघर उदंचन (पाणी वर उपसून ठेवून वीज निर्माण करणाऱ्या) प्रकल्पाची धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची असून त्यांच्या बंधक द्रव्यात (सिमेंट व राख मिळून) निम्म्याहून अधिक वाटा राखेचा आहे.

क्रिया : सिमेंट व पाणी यांच्या संयोगातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटते. एरवी ते काँक्रीटच्या ताकदीत फारशी भर घालत नाही. राखेतील काचरूप सिलिका त्याच्याशी सावकाश संयोग पावून आणखी बंधक तयार करते व छिद्रे बुजवते. सूक्ष्मदर्शकाखाली राखेचे बहुतेक कण गोल गोळ्यांसारखे दिसतात. काही पोकळ असून राखेच्या तलावात पाण्यावर तरंगतात. या गोलाईमुळे माल कमी पाण्यात सहज पसरतो. उष्णताही कमी निर्माण होते, म्हणूनच धरणवाल्यांनी राख आधी उचलली. उलट सुरुवातीची ताकद कमी भरते. त्यामुळे २८ दिवसांच्या चाचणीच्या ठोकळ्यावरून निकाल देणे अशा मिश्रणावर काहीसे अन्यायाचे ठरते. ५६ किंवा ९० दिवसांची चाचणी अधिक बोलकी.

मानके : आयएस (भारतीय मानक) ३८१२ (भाग १) नुसार दगडी कोळशाच्या राखेत सिलिका, अ‍ॅल्युमिना व लोह ऑक्साइड मिळून किमान ७० टक्के असावीत. न जळालेला कार्बन फार असल्यास काँक्रीटमध्ये हवा धरणारी रसायने निष्प्रभ होतात. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये (राखमिश्रित तयार सिमेंटमध्ये) कारखान्यातच १५ ते ३५ टक्के राख असते. त्यात साइटवर पुन्हा राख मिसळणे टाळावे. काँक्रीटकामाचे मानक आयएस ४५६ (२०००) साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारण्यास सांगते, राखमिश्रिताला १०. कोरड्या व उष्ण हवेत ही मुदत अनुक्रमे १० व १४ दिवसांची. ‘राखेचे सिमेंट कच्चे’ या गवंड्यांच्या तक्रारीमागे बहुतेकदा हे चुकवलेले पाणीच असते.

लिग्नाइटची राख : लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळसा. तमिळनाडूतील नेयवेलीसारख्या ठिकाणची ही राख चुनायुक्त असून काही अंशी स्वतःच घट्ट होते. तिच्यासाठी मानकात वेगळा वर्ग आहे.