सोडा, पावडर आणि गोल ओव्हन : कोल्हापूरच्या घरांतल्या चीज-हर्ब स्कोनची पार्श्वभूमी

राजारामपुरी आणि ताराबाई पार्कातल्या कॅफेंच्या काचेआड चीज-हर्ब स्कोन, म्हणजे चीज आणि हिरवा पाला घातलेले, यीस्टशिवाय फुगवलेले छोटे जाडसर पाव, दिसायला लागले, तेव्हापासून हे कॅफेवाल्यांनी आणलेलं खूळ आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. क्रम उलटा आहे. काही घरांत हा पदार्थ त्याच्या कितीतरी आधीपासून होत होता, फक्त त्याला स्कोन म्हणत नसत. आमच्या गल्लीत त्याचं नाव ‘जाड खारी’ होतं. उच्चार ‘स्कॉन’ की ‘स्कोन’ हा वाद खुद्द विलायतेत अजून मिटलेला नाही, त्यामुळे आपण त्यात पडायचं कारण नाही.

फार जुना इतिहास थोडक्यात. स्कॉटलंडमधला मूळ स्कोन ओट किंवा बार्लीच्या पिठाचा, तव्यावर भाजलेला, चपटा. १५१३ सालच्या एका स्कॉट्स भाषांतरात तो शब्द सापडतो. पुढची तीनशे वर्षं आपल्या गोष्टीच्या दृष्टीने रिकामीच म्हणायची, कारण स्कोन खऱ्या अर्थाने फुगला तो एकोणिसाव्या शतकात. आधी ताक आणि सोडा आला. मग १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका औषधविक्रेत्याने, बायकोला यीस्ट सोसत नाही म्हणून, बेकिंग पावडर तयार केली. १८४५ मध्ये ब्रिस्टलच्या एका बेकरने पावडर आधीच मिसळलेल्या पिठाचं, म्हणजे सेल्फ-रेझिंग पिठाचं पेटंट घेतलं. हे पीठ लक्षात ठेवा, पुढे त्याने घोळ घातला आहे.

संस्थानकाळात साहेबाच्या बंगल्यावर चहाबरोबर काय जात असे, याचा पेठांतल्या चुलींशी संबंध नव्हता. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, त्यानंतरही तीसेक वर्षं घरात ‘भाजणं’ म्हणजे भाकरी, पापड आणि शेंगदाणे एवढंच होतं.

घरातल्या बाईचा भट्टीशी संबंध आला तो बेकरीच्या पत्र्यांमुळे. मे महिन्याची सुट्टी लागली की, नाहीतर दिवाळीच्या आधी, घरून मैदा, डालडा आणि पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून आणायची. भाजणावळ किलोवर. ऐंशीच्या दशकात मी आईबरोबर अशा रांगेत कितीदा तरी बसलो आहे. बायका तिथेच पत्र्यांवर गोळे मांडायच्या, आपला पत्रा ओळखू यावा म्हणून कोपऱ्यात चिठ्ठी ठेवायच्या आणि ती चिठ्ठी भट्टीत जळून जायची. मग ‘ही आमची, ती तुमची’ यावर हुज्जत. भट्टीवाला लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत सारता सारता एकच प्रश्न विचारायचा : ‘वहिनी, सोडा घातलाय का पावडर?’ त्याला ते माहीत हवं असायचं, कारण त्यावर पत्रा कुठे लावायचा हे ठरायचं. सोड्याचा माल लवकर लाल होतो.

त्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या बायकांना नीट देता यायचं नाही. पुढच्या सगळ्या फसलेल्या स्कोनचं मूळ तिथेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

कोल्हापुरात किराणा दुकानात जाऊन नुसता ‘सोडा द्या’ म्हटलं की दुकानदार विचारायचा, ‘खायचा का धुवायचा?’ त्यामुळे ‘खायचा सोडा’ हे नाव पक्कं होतं आणि चुकायची सोय नव्हती. पापडखार वेगळा, तो पापडालाच. बेकऱ्यांत नानकटाईला अमोनिया वापरत, तो घरात येत नसे. ‘पावडर’ म्हणजे बेकिंग पावडर, छोट्या डबीतली, वर्षातून एकदा आणलेली. इथवर सगळं स्वच्छ होतं. मग टीव्हीवरचे पाककृतींचे कार्यक्रम आणि इंग्रजी लेबलांची पाकिटं आली आणि खायच्या सोड्याला ‘बेकिंग सोडा’ म्हणायची पद्धत पडली. आता दोन्ही नावांत ‘बेकिंग’. कृती लिहून घेताना घाईत नुसतं ‘बेकिंग २ चमचे’ लिहिलेल्या वह्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

हा निव्वळ शब्दांचा खेळ नाही. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, एकटा अल्क. त्याला आंबट काहीतरी लागतं, तेव्हा वायू सुटतो. बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडं आम्ल आणि दोघांना एकमेकांपासून लांब ठेवणारं पिठूळ असं तिन्ही असतं, म्हणून मापाला ती सोड्यापेक्षा तीन-चार पटींनी सौम्य. पावडरचे दोन चमचे ऐकून सोड्याचे दोन चमचे घातले तर काय होतं, ते माझ्या एका मावशीने भिशीला दाखवून दिलं होतं. स्कोन वरून तपकिरी, फोडल्यावर आत पिवळे ठिपके आणि चव कपड्याच्या साबणाची. बायकांनी चहात बुडवून कसेबसे संपवले. मावशी आजही चीजला दोष देते.

सोडा की पावडर, यावर इथल्या बेकिंगच्या क्लासांत दोन तट आहेत. पावडरवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. बाजारातली बहुतेक पावडर दोनदा काम करते, थोडी ओली झाल्यावर आणि उरलेली उष्णता लागल्यावर. त्यामुळे गोळा दहा-पंधरा मिनिटं थांबला तरी चालतो. छोट्या ओव्हनमध्ये एका वेळी पाच-सहाच मावतात, तेव्हा दुसऱ्या घाण्याला हे फार उपयोगी. ताक-सोड्याचा गोळा वाट पाहत नाही, दुसरा घाणा बसकाच निघतो. हे मान्य करूनही माझं मत ताक-सोड्याच्या बाजूने आहे. कारण आपला पाऊस. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात मिठाला पाणी सुटतं, तिथे उघडलेली पावडरची डबी किती टिकणार? ओल लागली की तिच्यातला सोडा आणि आम्ल डबीतल्या डबीतच एकमेकांना संपवतात. दिवाळीला आणलेली डबी पुढच्या श्रावणात काढणाऱ्या घरात ती पावडर नसून पिठी असते. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून फसफसते का बघा म्हणजे कळेल. सोडा तसा मरत नाही, आणि ताक तर आपल्याकडे रोजचंच. पाव छोटा चमचा सोड्याला अर्धा कप चांगलं आंबट ताक हे प्रमाण धरलं तर साबणाची चव येण्याचा प्रश्नच नाही. आयर्लंडमधला सोडा ब्रेड याच जोडीवर उभा आहे. आणि हो, इनो घालणाऱ्यांसाठी : ते ढोकळ्याला ठीक, स्कोनमध्ये त्याचा सगळा जोर परातीतच संपतो.

आता ते सेल्फ-रेझिंग पीठ. विलायती कृतींत ते गृहीत धरलेलं असतं. आपल्या किराणा दुकानात ते मिळत नसे. एका पुरवणीतलं कात्रण आईच्या वहीत चिकटवलेलं आहे, त्यात त्याचं भाषांतर नुसतं ‘मैदा’ असं केलंय. पावडरचा उल्लेखच नाही. आईने तसेच केले, दोनदा केले. दोन्ही वेळा जे निघालं ते दारात अडसर म्हणून लावता आलं असतं. तिसऱ्या वेळी शेजारच्या काकूंनी भट्टीवाल्याचाच प्रश्न विचारला, तेव्हा उलगडा झाला.

तोवर घरात गोल ओव्हन आला होता. अॅल्युमिनियमचा, झाकणात काचेची खिडकी असलेला. आमच्याकडच्यात कॉइल खालीच होती आणि तापमान दाखवणारं काही नाही. स्कोनला २०० ते २२० अंश आणि बारा-पंधरा मिनिटं लागतात, ते कसं मोजणार? आई ताटलीवर पाण्याचा थेंब टाकून चर्र आवाज ऐकायची. खालून करपायचं, वरून पांढरंच राहायचं, म्हणून दहा मिनिटांनी झाकण उघडून एकेक स्कोन उलटायची. फाळणीसारखी मधली रेघ, दोन्ही बाजूंना तांबूस डाग. पाचशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये तव्यावर असंच उलटत असत, हे तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

इथल्या सुगरणींची आणखी एक खोड मोहनाची. शंकरपाळी, करंजी जिला येते तिचा हात मैदा समोर आला की कडकडीत मोहनाकडेच जातो. मुटका वळला की मोहन बरोबर, हे रक्तात भिनलेलं. स्कोनला ते घातक. गरम तूप पिठाच्या कणाकणाला लागतं आणि पदार्थ खुसखुशीत होतो, म्हणजे खारी शंकरपाळी तयार होते. स्कोनला थंडगार बटरचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात तसेच राहायला हवेत. ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. घरचं लोणी वापरायचं तर आधी घट्ट पिळून त्यातलं ताक काढायचं आणि फ्रीजमध्ये कडक करायचं. एप्रिलमध्ये दुपारी करायला घेऊ नये, सकाळी सातला घ्यावं. वाटीच्या जाड काठाने गोल पाडले तर कडा दाबून बंद होतात आणि स्कोन तिरका फुगतो. आई शेवटी सुरीने शंकरपाळ्यांसारखे चौकोनच कापायला लागली. ‘जाड खारी’ हे नाव बहुधा त्यातूनच पडलं असावं.

चीजबद्दल बोलायला हवं, पण त्यात कोल्हापूरचं असं फार थोडं. दूध संघ इथे १९६३ पासून, गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, लोण्याला तोटा नाही, आणि चीज मात्र बाहेरगावच्या डब्यातलं. ते प्रोसेस केलेलं चीज. त्यात वितळताना तेल सुटू नये म्हणून क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते चेडरसारखं कडांवर जाळीदार कुरकुरीत होत नाही, पिठात विरघळून नाहीसं होतं. किसण्याऐवजी हरभऱ्याएवढे तुकडे केले तर निदान दाताखाली येतं. मीठ मुळातच भरपूर, बटरही खारट, तेव्हा वेगळं मीठ घालू नये. विलायती कृतींत चव उठावी म्हणून मोहरीची पूड आणि तिखट असतं. आपल्याकडे कांदा-लसूण चटणीची बरणी असते.

शहरातल्या जैन घरांत आणि इतर कडक शाकाहारी घरांत चीज बराच काळ अडलं ते रेनेटमुळे. रेनेट म्हणजे चीजसाठी दूध साकळवणारा पदार्थ, आणि तो पूर्वी वासराच्या जठरातून काढत. बुरशीपासून मिळणारा पर्याय साठच्या दशकापासून जगात होता, पण डब्यावर काय लिहिलंय यावर विश्वास कोण ठेवणार? नव्या शतकात पाकिटांवर हिरवा ठिपका यायला लागल्यावर हा अडसर बराच सैल झाला. स्कोनमध्ये अंडं लागत नाही, वरून दुधाचा हात फिरवला तरी भागतं. केक ज्या घरांच्या उंबऱ्यावर थांबला, तिथे स्कोन आत गेला तो यामुळे.

हर्ब्जची बाजू माझ्या मते सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त फसवी जाहिरात झालेली. चाइव्हजच्या जागी कांद्याची पात. डिल म्हणजे आपला शेपू, दुसरं काही नाही. भाजी म्हणून ताटात आला की मुलं पळतात, पण चीजबरोबर स्कोनमध्ये तोच मागून खातात. थाइमचा वास ज्या थायमॉलचा, ते ओव्यात भरपूर असतं, आणि कुंडीतल्या पानओव्याचं एक पान बारीक चिरून घातलं तर ओरेगॅनोची आठवण होते. तरीही बहुतेक घरांत अजून पिझ्झाबरोबर आलेली पाकिटं साठवून तीच वापरतात.

२००५ च्या पुढची काही वर्षं भारनियमनाची. दिवसातून तासन् तास वीज नाही, अर्धा घाणा आत आणि लाईट गेली, असं झालं की तो घाणा पुन्हा सुधारत नाही. कित्येक गोल ओव्हन त्या काळात माळ्यावर गेले ते तिथेच राहिले. काही जणी कुकरमध्ये वाळू घालून करायच्या. वीज स्थिरावल्यावर ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, आले, वर-खाली दोन्ही कॉइल आणि तापमानाचा काटा. मग २०२० ची टाळेबंदी. यीस्ट कुठेच मिळेना, पाव करायची हौस तर होतीच, तेव्हा ज्यांना यीस्ट लागत नाही असे पदार्थ लोकांनी शोधले आणि ‘स्कोन’ हे नाव एकदम घरोघरी गेलं. कॅफे त्यानंतर आले. तिथला स्कोन उंच असतो, सरळ फुगलेला असतो आणि त्यात पावडर इतकी असते की जीभ कोरडी पडते.

सप्टेंबर २०२५ मध्ये चीज आणि बटरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आमच्या घरी ओटीजी आहे, तरी आईने गणपतीनंतर माळ्यावरचा गोल ओव्हन खाली काढायला लावला. झाकणाची काच तडकलेली होती, तिथे ॲल्युमिनियम फॉइल लावली. पहिल्या घाण्यातला एक स्कोन तिने उलटला, खालचा डाग बघितला आणि विचारलं, ‘सोडाच घातलायस ना?’