चित्रपटाचे पार्श्वसंगीत

पडद्यावरील पात्रांना ऐकू येत नाही, फक्त प्रेक्षकाला येते, अशा संगीताला पार्श्वसंगीत म्हणतात. पात्राने रेडिओ लावला किंवा वरातीत बँड वाजला, तर ते संगीत कथेतलेच; त्याचा विचार वेगळा करावा लागतो. गाण्याचा मुखडा किती लांबवायचा, अंतरा कुठे संपवायचा, हे संगीतकाराच्या हाती असते. पार्श्वसंगीतात बहुधा ते संकलकाने आधीच ठरवून टाकलेले असते. या कलेतील बरेचसे तंत्र याच अडचणीतून घडले आहे.

मूकपटांना चित्रपटगृहात बसलेला पियानोवादक किंवा वाद्यवृंद साथ करी. १९०८ मध्ये कामीय सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराने एका मूकपटासाठी खास रचना केली. नामवंत संगीतकाराने चित्रपटासाठी लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या रचनांत ती मोडते. बोलपटात माक्स स्टायनरच्या ‘किंग काँग’च्या (१९३३) संगीताने वाद्यवृंदाचे सामर्थ्य दाखवून दिले.

संकलन झाले, की दिग्दर्शक व संगीतकार चित्रपट पाहत संगीत कुठे सुरू व्हावे आणि कुठे थांबावे हे ठरवतात. याला स्पॉटिंग म्हणतात आणि संगीताच्या प्रत्येक तुकड्याला क्यू. कुठे काहीच वाजवायचे नाही हा निर्णयही इथेच होतो आणि तो सर्वांत अवघड असतो.

यानंतर हिशेब सुरू होतो. चित्रपटात सेकंदाला साधारणपणे २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, सरकतात. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे १२ चौकटींची होते. समजा, क्यू सुरू झाल्यापासून साडेतेराव्या सेकंदाला दार उघडते आणि तिथे जोरकस आघात हवा आहे. त्या क्षणी २८वी मात्रा येते. चार-चार मात्रांची आवर्तने मोजली, तर ती सातव्या आवर्तनातील चौथी मात्रा ठरते. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, तिच्या पुढे येते. आघात समेवर आणण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. लय किंचित वाढवून मिनिटाला सुमारे १२४.४ मात्रा केली, तर साडेतेरा सेकंदांत २८ मात्रा संपतात आणि २९वी, म्हणजे सम, दारावर येते. किंवा लय तशीच ठेवून सातवे आवर्तन तीन मात्रांचे करायचे. दुसऱ्या मार्गात एक मात्रा गळाल्याने ऐकणारा नकळत दचकतो. भीतीच्या प्रसंगात तो दचका उपयोगी पडतो, हळव्या प्रसंगात खटकतो. ध्वनिमुद्रणात वादकांच्या कानात ठरलेल्या लयीचे टिकटिक ठोके वाजतात. तो क्लिक ट्रॅक.

स्वरांच्या बाबतीत थोडासा मूलभूत सिद्धांतही पुरतो. पाश्चात्त्य पद्धतीत सप्तकाचे १२ समान अर्धस्वर करतात. सा, शुद्ध ग आणि प एकत्र वाजवले, की मेजर कॉर्ड होतो; ग कोमल केला, की मायनर. फरक एकाच अर्धस्वराचा, पण रंग पालटतो. मेजर म्हणजे आनंद आणि मायनर म्हणजे दुःख हे समीकरण मात्र फार ढोबळ आहे. संथ लयीत, विरळ वाद्यांवर वाजणारा मेजर कॉर्डही जिव्हारी लागू शकतो. खरे बळ अपेक्षेत असते. शुद्ध निषाद षड्जाच्या अर्धस्वर खाली आहे. प-नी-रे हा कॉर्ड लांबवला, की कान सा-ग-प ची वाट पाहू लागतो. तो दिला, तर प्रसंग मिटल्यासारखा वाटतो. न देता दृश्य बदलले, तर अस्वस्थता पुढच्या दृश्यात शिरते. संवादाशिवाय गोष्ट पुढे नेण्याचे इतके साधे साधन दुसरे नाही.

‘जॉज’मध्ये (१९७५) जॉन विल्यम्स यांनी शार्कसाठी मंद्र सप्तकातील, एका अर्धस्वराच्या अंतरावरचे दोन स्वर वापरले. ते आळीपाळीने वाजतात, वेग वाढतो आणि बराच काळ पडद्यावर न दिसणारा मासा जवळ आल्याचे कळते. याहून महत्त्वाचे म्हणजे दोन मुले शार्कचा खोटा पर लावून लोकांना घाबरवतात, तेव्हा हे स्वर वाजत नाहीत. संगीत प्रेक्षकाशी प्रामाणिक राहते, म्हणूनच पुढे त्याचा धाक बसतो. पात्राला किंवा कल्पनेला असा ठरावीक स्वरसमूह जोडण्याच्या तंत्राला लाइटमोटिफ म्हणतात. ते मुख्यतः रिखार्ट वाग्नरच्या ऑपेरांमुळे रुजले. ‘सायको’मध्ये (१९६०) बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्ये घेतली. वाद्यांची निवडही रचनाच असते.

संकलनाच्या वेळी तात्पुरते लावलेले दुसरे संगीत, म्हणजे टेम्प ट्रॅक, ही संगीतकाराची मोठी डोकेदुखी. दिग्दर्शकाच्या कानाला ते सरावते आणि नवी रचना परकी वाटू लागते. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’साठी (१९६८) अ‍ॅलेक्स नॉर्थ यांनी लिहिलेले संगीत स्टॅन्ली कुब्रिक यांनी वापरलेच नाही, आधी लावून पाहिलेल्या अभिजात रचनाच त्यांनी ठेवल्या. याच्या अगदी उलट पद्धत दिग्दर्शक सर्जो लिओने यांची. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’साठी (१९६८) एन्यो मोरिकोने यांनी मुख्य धून चित्रीकरणाआधीच रचल्या होत्या. त्या सेटवर वाजवल्या जात आणि नटांची चाल व कॅमेऱ्याची गती त्यांच्या लयीवर बेतली जाई.