चार्ममधली असममिती: एका वजाबाकीची पार्श्वभूमी

चार्म क्वार्क असलेला उदासीन डी मेसॉन (मेसॉन म्हणजे क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांची जोडी) आणि त्याचा प्रतिकण यांच्या क्षयात फरक आहे, हे 21 मार्च 2019 रोजी जाहीर झालं. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरच्या एका प्रयोगाने दिलेला आकडा होता उणे 0.154 टक्के, अनिश्चितता 0.029 टक्के, म्हणजे 5.3 सिग्मा (शून्यापासून अनिश्चिततेच्या 5.3 पट लांब). बातम्यांत 'चार्ममध्येही द्रव्य आणि प्रतिद्रव्य वेगळं वागतं' एवढंच आलं. ते खोटं नाही. मात्र तो आकडा कुठल्याही एका क्षयाचा नव्हता. केऑन आणि पायॉन हे डीपेक्षा हलके मेसॉन. डी मेसॉन दोन केऑनमध्ये फुटतो तेव्हाची असममिती (कण आणि प्रतिकण यांच्या क्षयांतला सापेक्ष फरक) उणे दोन पायॉनमध्ये फुटतो तेव्हाची असममिती, अशी ती वजाबाकी होती. यातली एकेक असममिती किती, हे त्या दिवशी पुरेशा अचूकतेने कोणीच सांगू शकत नव्हतं.

आधीचा इतिहास थोडक्यात. 1964 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर दीर्घायुषी केऑन दोन पायॉनमध्ये फुटताना सापडले, हजारात साधारण दोन. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यातली समता मोडते, म्हणजे सीपी भंग होतो, हे त्यावरून कळलं. 1973 मध्ये जपानमधून त्याचं स्पष्टीकरण आलं: क्वार्कच्या तीन जोड्या असतील तर असा भंग आपोआप होऊ शकतो. तेव्हा प्रयोगात तीनच क्वार्क सापडलेले होते. बरोबर ठरलं हे स्पष्टीकरण, पण त्यासाठी बी मेसॉनची (तिसऱ्या जोडीतला बॉटम क्वार्क असलेल्या मेसॉनची) वाट पाहावी लागली. कॅलिफोर्निया आणि जपानमधलं त्सुकुबा इथे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन मुद्दाम असमान ऊर्जेने आदळवले जात (एकीकडे 9 आणि 3.1, दुसरीकडे 8 आणि 3.5 अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट). त्यामुळे तयार झालेली बी मेसॉनची जोडी एका दिशेने पुढे सरकते, आणि दोघांच्या क्षयाच्या वेळांतला पिकोसेकंदाचा फरक पाव मिलिमीटरच्या आसपासच्या अंतराच्या रूपात मोजता येतो. 2001 च्या उन्हाळ्यात दोन्ही ठिकाणांहून भंगाच्या मापाचे निकाल आले (शून्य म्हणजे भंग नाही): 0.59 आणि 0.99. हे दोन आकडे एकमेकांशी फारसे जुळत नव्हते, तरी दोन्ही शून्यापासून लांब होते, आणि पुढे सरासरी 0.7 च्या जवळ स्थिरावली. 2004 मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रयोगाने केऑन आणि पायॉन देणारे बी मेसॉनचे क्षय मोजले. मेसॉनचे 910, प्रतिमेसॉनचे 696. एवढी तफावत सांगायला कुठलीही क्लृप्ती लागत नाही.

चार्मची गोष्ट निराळी. तिथे तिसऱ्या जोडीतल्या क्वार्कचा शिरकाव जवळजवळ होतच नाही, त्यामुळे अपेक्षित फरक हजारात एक किंवा त्याहून कमी. इतक्या बारीक मापात यंत्राचे स्वतःचे दोष निसर्गाच्या फरकाहून मोठे ठरतात. लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये आदळतात प्रोटॉनवर प्रोटॉन. सुरुवातच द्रव्याने होते, प्रतिद्रव्य आधी कुठेच नाही. म्हणून डी आणि प्रति-डी समान संख्येने तयार होतील याची हमी नाही. त्यात डी की प्रति-डी हे ओळखायचं कसं, हा प्रश्न. दोन केऑन किंवा दोन पायॉन ही अंतिम अवस्था दोघांचीही तीच. त्यावरून जन्म कळत नाही. म्हणून उत्तेजित डी-तारा मेसॉनमधून डी सुटताना जो मंद पायॉन बाहेर पडतो, त्याचा विद्युतभार पाहतात: धन असेल तर डी, ऋण असेल तर प्रति-डी. पण हा पायॉन कमी संवेगाचा, चुंबकीय क्षेत्रात तो जोरात वळतो. धन एका बाजूला, ऋण दुसऱ्या बाजूला, आणि डिटेक्टरच्या कडेला एकाच भाराचे पायॉन निसटतात. चुंबकाची दिशा ठरावीक काळाने उलटी करतात, कडेचे भाग विश्लेषणातून कापून टाकतात. तरीही काही टक्क्यांच्या अंशाचा कल उरतोच.

वजाबाकीचा निर्णय इथला. मंद पायॉनचा कल आणि निर्मितीतला कल, दोन्ही डी पुढे कशात फुटणार यावर अवलंबून नाहीत. तराजूला पासंग असेल तरी दोन वस्तू त्याच तराजूवर तोलून त्यांची वजाबाकी घेतली तर पासंग निघून जातो. केऑनवाली कच्ची असममिती उणे पायॉनवाली कच्ची असममिती: उरतो तो निव्वळ सीपी भंगातला फरक. अट एकच, की दोन्ही नमुन्यांतल्या डी मेसॉनचे संवेग आणि दिशा सारख्या हव्यात. त्या नसतात, म्हणून एका नमुन्यातल्या क्षयांना कमी-जास्त वजन देऊन तो दुसऱ्यासारखा करून घेतात. दोन्ही क्षयांत असममिती विरुद्ध चिन्हांच्या असतील अशी सैद्धांतिक अपेक्षा होती, म्हणजे वजाबाकीत त्या एकमेकींत मिळून दुप्पट दिसतील. मोजणाऱ्याच्या दृष्टीने याहून सोयीचं काय असणार?

आक्षेप होता तो याच सोयीला. वजाबाकी जाहीर केली की वजन कळत नाही. शिवाय वजाबाकी खरोखर शून्य नसेल, तर दोष केऑनकडे की पायॉनकडे, हे सिद्धांतवाल्यांनी ओळखायचं कशावरून? मला हा आक्षेप निम्माच पटतो. वजाबाकीशिवाय त्या वेळी हाती काहीच आलं नसतं. पण पुढे सगळी चर्चा या एका आकड्याभोवती फिरत राहिली, आणि त्याची किंमत मोजावी लागली.

पॅरिसमध्ये नोव्हेंबर 2011 मध्ये जिनिव्हाजवळच्या प्रयोगाचा पहिला निकाल मांडला गेला: उणे 0.82 टक्के, 3.5 सिग्मा. अपेक्षेहून कितीतरी मोठा. पुढच्या काही महिन्यांत शिकागोजवळच्या प्रयोगाने उणे 0.62 सांगितलं, आणि तिथे तर प्रोटॉन-प्रतिप्रोटॉनची टक्कर होत असे, म्हणजे निर्मितीतल्या कलाची शंकाच नाही. नव्या भौतिकीचे शोधनिबंध ढिगाने आले. त्याबरोबर एक शिस्तभंगही घडला, ज्याची फारशी वाच्यता होत नाही. 2011 च्या आधी चार्ममध्ये 0.1 टक्क्याच्या वर काही दिसलं तर ते स्टँडर्ड मॉडेलबाहेरचं (म्हणजे मूलकणांच्या प्रस्थापित सिद्धांताबाहेरचं), असं बरेच जण सांगत होते. आकडा आल्यावर त्याच वर्तुळातून स्टँडर्ड मॉडेलमध्येही एवढं बसवता येईल असे हिशेब मांडले जाऊ लागले: केऑनच्या क्षयात प्रबल आंतरक्रियेमुळे (क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या बलामुळे) काही वाटा अनपेक्षित फुगतात, तसं इथेही होत असेल. हिशेब चुकीचे नव्हते. पण निकाल आल्यावर अपेक्षा रुंदावणं हे काही भाकीत नव्हे.

2013 च्या मार्चमध्ये जिनिव्हाजवळच्या प्रयोगाने अधिक डेटा आणि सुधारित पुनर्रचना घेऊन तेच माप पुन्हा केलं: उणे 0.34. त्याच वेळी डी ओळखण्याची दुसरी पद्धत वापरली, म्हणजे बी मेसॉनच्या क्षयातून डीबरोबर आलेल्या म्यूऑनचा (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाचा) विद्युतभार. ती पद्धत म्हणाली अधिक 0.49. चिन्हच उलटं! 2016 मध्ये पायॉन पद्धतीचा आकडा उणे 0.10 वर उतरला, अनिश्चितता 0.08 च्या आसपास. मधल्या काळात 3.5 सिग्माचा विषय कोणी काढेनासं झालं.

2019 चा शोध उभा राहिला तो आकड्यांच्या बळावर. 2015 ते 2018 च्या टकरींतून पायॉन पद्धतीने केऑनचे 4 कोटी 40 लाख आणि पायॉनचे 1 कोटी 40 लाख क्षय मिळाले, म्यूऑन पद्धतीने अनुक्रमे 90 लाख आणि 30 लाख. या वेळी दोन्ही पद्धतींचं चिन्ह एकच आलं. आकार मात्र 2011 च्या पाचव्या हिश्शाहून कमी.

वजनं वेगळी करायचं काम 2022 मध्ये झालं, आणि ते जास्त कष्टाचं आहे. केऑनच्या क्षयाची एकट्याची असममिती काढायची तर पासंग थेट मोजावा लागतो. त्यासाठी ज्यांत भंग नगण्य असायला हवा असे क्षय निवडले: डी-शून्याचा (म्हणजे उदासीन डीचा) केऑन-पायॉन क्षय, विद्युतभारित डीचे दोन, आणि शिवाय स्ट्रेंज क्वार्क असलेल्या डी मेसॉनचे दोन. प्रत्येकात निर्मितीचा, मंद पायॉनचा, डिटेक्टरच्या साहित्याशी केऑनच्या होणाऱ्या टकरींचा कल निरनिराळ्या प्रमाणात मिसळलेला. बेरीज-वजाबाकी करून तो सोडवायचा. उत्तर निघालं: केऑनची असममिती 0.07 टक्क्यांच्या आसपास, शून्यापासून वेगळी म्हणता येणार नाही अशी. जुन्या वजाबाकीशी ताळा घातला तर पायॉनकडे अधिक 0.23 टक्के उरतात, 3.8 सिग्मा. म्हणजे भंग पायॉनमध्ये बसलेला, आणि विरुद्ध चिन्हांची अपेक्षा, जिच्या भरवशावर वजाबाकी इतकी आकर्षक वाटली होती, ती पाळलेली दिसत नाही. अपेक्षेपासूनची ही तफावत मात्र 2.7 सिग्माची आहे. 2011 आठवत असेल त्याने त्यावर घर बांधू नये.

आता लक्ष उदासीन पायॉनच्या क्षयांकडे आहे. डी-शून्याचा दोन उदासीन पायॉनमध्ये होणारा क्षय आणि विद्युतभारित डीचा एक भारित, एक उदासीन पायॉनमध्ये होणारा क्षय, हे दोन्ही हाती आले तर स्टँडर्ड मॉडेलमधला फुगवटा की खरंच नवं काही, हे तपासता येतं. दुसऱ्या क्षयात स्टँडर्ड मॉडेलनुसार भंग जवळजवळ शून्य हवा. उदासीन पायॉन दोन फोटॉनमध्ये फुटतो आणि प्रोटॉनच्या गर्दीत ते फोटॉन वेचणं जिकिरीचं. त्यामुळे हे काम प्रामुख्याने त्सुकुबाच्या सुधारित यंत्राकडे जातं, जिथे 2019 मध्ये नव्या डिटेक्टरने डेटा घ्यायला सुरुवात केली. त्याच्या आतल्या सिलिकॉन थरांपैकी एका थराच्या पट्ट्या मुंबईत कुलाब्याच्या मूलभूत संशोधन संस्थेतल्या गटाने जपानमध्ये राहून जोडल्या. डेटा मात्र ठरलेल्या वेळापत्रकाच्या बराच मागे आहे.