भारतातील जीवाणूशास्त्राची सुरुवात

भारतात जीवाणूशास्त्र कॉलेजच्या अभ्यासक्रमातून नाही आलं, ते आलं साथींमुळे आणि गुरांच्या रोगांमुळे. कॉलऱ्याचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्याला शोधला खरा, पण तो जर्मन सरकारचा माणूस, काम उरकून परत गेला, आणि इथल्या इंग्रज डॉक्टरांना त्याचं म्हणणं पटायला बराच वेळ लागला.

सरकारी लॅब आधी निघाली ती जनावरांसाठी, १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आताचं सीओईपी, म्हणजे पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज). मुख्य काम गुरांच्या बुळकांडी (रिंडरपेस्ट) रोगावर होतं. तो इतका पसरणारा की भरवस्तीत त्यावर प्रयोग करणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये सगळा कारभार कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवला. गंमत म्हणजे बुळकांडी जीवाणूमुळे होतच नाही, तो व्हायरस, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक! आग्र्याला हँकिन नावाचा इंग्रज जीवाणूशास्त्रज्ञ होता, त्याने १८९६ मध्ये लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात. बॅक्टेरिओफेजचा (जीवाणूंना मारणाऱ्या व्हायरसचा) हा पहिला पुरावा असं बरेच जण ठोकून देतात, ते जरा जपूनच घ्यावं.

खरा जोर आला तो मुंबईच्या प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला, ऑक्टोबरात जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक कॉरिडॉर, हाताखाली एक क्लार्क नि तीन शिपाई एवढ्यावर लस बनवायला बसला. बकऱ्याच्या मटणाचा रस्सा करायचा (गोमांस-डुकराचं मांस इथे चाललं नसतं), वर तुपाचे थेंब तरंगत सोडायचे, त्या थेंबांना धरून जंतू खाली झुंबरासारखे लोंबत वाढायचे, मग बाटली हलवून ते पाडायचे, पुन्हा वाढू द्यायचे, शेवटी तापवून मारायचे. १० जानेवारी १८९७ ला त्याने लस आधी स्वतःलाच टोचून घेतली, नंतर भायखळ्याच्या जेलमधल्या कैद्यांवर चाचणी झाली.

१८९९ मध्ये हाफकिनची ही लॅब परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९०२ ला पंजाबात मुल्कोवालला एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले आणि सगळा ठपका हाफकिनवर आला, नोकरीही गेली. बाटली गावातच उघडताना दूषित झाली असावी असं मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉससारख्यांनी लावून धरलं, तेव्हा कुठे १९०७ मध्ये त्याच्यावरचा डाग पुसला गेला. तो परत भारतात आला पण कलकत्त्याला, परळला नाही. परळच्या लॅबला त्याचं नाव मिळालं १९२५ मध्ये.