रुंबा : एका नावाचे चार धनी

लॅटिन नृत्यसंगीतात साल्सा, माम्बो आणि चा-चा-चा यांच्या उगमाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. रुंबाच्या वाट्याला मात्र इतिहास कमी आणि नावाचा घोळ अधिक आला. आज या नावावर किमान चार प्रकार हक्क सांगतात : क्युबातील ढोलांवरचा रुंबा, नृत्यस्पर्धांतील संथ रुंबा, काँगो नदीच्या दोन्ही तीरांवरचा गिटारप्रधान रुंबा आणि बार्सिलोनाच्या जिप्सी वस्त्यांतील रुंबा. त्यांपैकी पहिल्या दोघांचे नाते नावापुरतेच आहे. ते तसे का झाले हे पाहायचे तर १९३० च्या न्यूयॉर्कपासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये हवानाहून आलेल्या एका वाद्यवृंदाने ब्रॉडवेवरील नाट्यगृहात कार्यक्रम केला आणि मे महिन्यात शेंगदाणे विकणाऱ्या फेरीवाल्याच्या आरोळीवर बांधलेले एक गाणे ध्वनिमुद्रित केले. गाणे सोन या प्रकारातले होते, म्हणजे पूर्व क्युबाच्या डोंगराळ भागात जन्मलेल्या आणि १९१० च्या आगेमागे हवानात पोचलेल्या, तंतुवाद्ये, बोंगो व मराकास यांच्या साथीने गायल्या जाणाऱ्या प्रकारातले. तबकडीवर मात्र ‘रुंबा फॉक्सट्रॉट’ असे छापले गेले. ‘सोन’ हा शब्द इंग्रजी ‘साँग’शी गल्लत करणारा वाटल्याने टाळला गेला, असे स्पष्टीकरण दिले जाते, फॉक्सट्रॉटची जोड देण्यामागे तर ओळखीच्या नाचाच्या नावाने अनोळखी माल खपवण्याचा हिशेब उघड दिसतो. हिशेब बरोबर ठरला. तबकडी अफाट खपली, आणि पुढे सोन, ग्वाराचा, बोलेरो असे क्युबाहून जे जे येईल ते सगळे रुंबा म्हणूनच विकले जाऊ लागले.

क्युबात तोवर रुंबा म्हणजे काय, याबद्दल कोणाला शंका नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १८८६ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली त्या काळात, हवाना आणि मातान्सास येथील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या चाळींत आणि गोदीच्या परिसरात तो घडला. त्यात गिटार नव्हती, पियानोही नव्हता. ढोल, क्लावेच्या दोन लाकडी दांड्या, एक मुख्य गायक आणि त्याला उत्तर देणारा समूह एवढाच सरंजाम असे. ढोल नसले तर खारवलेल्या माशांची किंवा मेणबत्त्यांची रिकामी खोकी पुरत. त्याचे याम्बू, ग्वाग्वांको आणि कोलंबिया असे तीन प्रकार मानले जातात. याम्बू संथ चालीचा, तर कोलंबिया मातान्सासच्या ग्रामीण भागातला, परंपरेने एकट्या पुरुषाने नाचायचा. ग्वाग्वांकोत पुरुष रुमाल, हात, पाय किंवा कंबर यांच्या अचानक झटक्याने स्त्रीला गाठू पाहतो, आणि ती त्याच क्षणी हाताने किंवा घागऱ्याच्या घोळाने स्वतःला झाकून त्याचा डाव हुकवते.

सोन आणि रुंबा यांतील अंतर ऐकूनही कळते. १६ समान मात्रांचे आवर्तन धरले तर सोनच्या क्लावेचे, म्हणजे त्या दांड्यांवर वाजणाऱ्या ठेक्याचे, ठोके १, ४, ७, ११ आणि १३ या मात्रांवर पडतात. रुंबाच्या क्लावेत तिसरा ठोका सातवी मात्रा सोडून आठवीवर जातो. फरक एकाच मात्रेचा आहे, पण त्या विलंबाने आवर्तनाच्या पूर्वार्धात जो ताण येतो तो सोनमध्ये नसतो.

याच नावाच्या नाचावरून पुढे ब्रिटनमधील नृत्यशिक्षकांत जो वाद पेटला, त्याचा निकाल आजही जगभरच्या स्पर्धांत पाळला जातो. १९३० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या पद्धतीत पावले जमिनीवर चौकोन आखत. लंडनमधील एक नामांकित शिक्षक सुरुवातीला हाच चौकोनी रुंबा शिकवत असे. १९४७ मध्ये आणि त्यानंतर १९५० च्या दशकाच्या आरंभी तो क्युबाला जाऊन आला, आणि तेथील लोक दुसऱ्या मात्रेवर पाऊल उचलतात असे सांगू लागला : पावले चार मात्रांच्या बारमधील २, ३ आणि ४ या मात्रांवर, तर पहिल्या मात्रेवर पाऊल न टाकता शरीराचा भार कमरेतून स्थिर करायचा. शिक्षकांत सरळ दोन तट पडले. चौकोनी पद्धत नवशिक्याला चटकन जमत असे आणि तिच्यावर वर्ग चालत होते, ही एका बाजूची भक्कम बाजू. आम्ही प्रत्यक्ष क्युबातून शिकून आलो आहोत, हे दुसऱ्या बाजूचे हुकमी पान. बरीच वर्षे चाललेल्या या भांडणानंतर १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात क्युबन म्हणवली जाणारी पद्धत अधिकृत ठरली. अमेरिकन शैलीत चौकोन अद्याप टिकून आहे.

हा निकाल अस्सलपणाचा विजय म्हणून सांगितला जातो, आणि पहिली मात्रा मोकळी सोडण्याने नाचाला जी डौलदार ओढ आली ती नाकारण्याचे कारण नाही. तरीही दोन्ही तट ज्याच्या अस्सलपणावरून भांडत होते तो बोलेरो आणि सोन यांच्यावरचा जोडीचा नाच होता. ग्वाग्वांकोतला डाव आणि बचाव त्यात नव्हता, ढोलही नव्हते आणि विलंबित तिसऱ्या ठोक्याची क्लावेही नव्हती. १९३० च्या तबकडीवरील नाव दोघांनीही विनातक्रार स्वीकारले होते, आणि चाळींतल्या ढोलकऱ्यांचे मत विचारावे असे कोणाला वाटल्याचे दिसत नाही. अर्थात, ज्या स्पर्धा-वर्गात स्पेनच्या बैलझुंजीशी जोडलेला पासो दोब्ले आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्विंगमधून आलेला जाइव्ह हे दोन्ही ‘लॅटिन’ म्हणून बसतात, तेथे रुंबाच्या नावाचीच चिकित्सा करणे थोडे अन्यायाचे होईल.

आफ्रिकेतही हे नाव तबकड्यांवरूनच गेले. एका ब्रिटिश कंपनीने १९३३ पासून क्युबन ध्वनिमुद्रणांची एक मालिका तेथील बाजारात आणली. तीत सोनचा भरणा होता. काँगो नदीकाठच्या लिओपोल्डव्हिल (आजचे किन्शासा) आणि ब्राझाव्हिल येथील वादकांनी पियानोचे फिरून फिरून येणारे तुकडे गिटारवर उतरवले, शब्द तेथील लिंगाला भाषेत बांधले आणि या संगीताला रुंबाच म्हटले. १९६० मध्ये ब्रुसेल्स येथे काँगोच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असताना त्यांच्यातील एका वृंदाने तेथेच रचलेले गाणे आफ्रिकाभर गाजले. त्याच्या नावात चा-चा-चा आहे, पण गणना होते ती काँगोच्या रुंबात. बार्सिलोनाच्या जिप्सींनी १९५० च्या दशकापासून आपला रुंबा घडवला तो फ्लामेंकोच्या अंगाने, गिटारच्या तारा छेडता छेडता तिच्या लाकडावर हाताने ठेका धरत. मुंबईत हॉटेलांच्या नृत्यवृंदांतून चित्रपटसंगीतात आलेल्या गोव्याच्या वादकांनी बोंगो आणि मराकास हिंदी गाण्यांत रुळवले, त्यांच्यापर्यंत पोचला तोही हाच तबकड्यांवरचा रुंबा होता.

क्युबात क्रांतीनंतर १९६२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय लोककला पथकाने ढोलांचा रुंबा रंगमंचावर आणला, त्यामुळे त्याला सरकारी आश्रय आणि ठरीव नृत्यरचना दोन्ही मिळाल्या. २०१६ मध्ये हा रुंबा, आणि २०२१ मध्ये दोन्ही काँगो देशांचा रुंबा, संयुक्त राष्ट्रांच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत वेगवेगळ्या नोंदींखाली दाखल झाला. स्पर्धांतील रुंबा मिनिटाला २५ ते २७ बारांच्या गतीने चालू आहे, आणि त्यासाठी निवडल्या जाणाऱ्या संथ पॉप गाण्यांत क्लावे बहुतेक वेळा ऐकूच येत नाही.