अमेरिकन मतदान आणि धर्म

अमेरिकेत मतदार कोणत्या पंथाचा आहे, कोणत्या वंशाचा आहे आणि चर्चला किती नियमाने जातो, या तीन गोष्टी कळल्या तर त्याच्या मताचा बराचसा अंदाज बांधता येतो. नुसता पंथ सांगून मात्र भागत नाही. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने सरकारी पदाला धर्माची अट घालायला मनाई केली आणि १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने अधिकृत धर्माची वाट बंद केली. तरी मतदानाचा वारसुद्धा रविवार सांभाळूनच ठरला. १८४५ च्या कायद्याने नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार नेमला. रविवार प्रार्थनेचा, सोमवार घोडागाडीने काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) मुख्य गावी पोहोचायचा, असा त्यामागचा हिशेब सांगतात. जनगणनेत धर्म विचारत नाहीत, त्यामुळे या विषयातले आकडे येतात ते एक्झिट पोल आणि सर्वेक्षणांतून.

जुनी भिंत होती प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यातली. १९२८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने अल स्मिथ या कॅथलिक उमेदवाराला उभे केले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या या पक्षाची असलेली टेक्सास, व्हर्जिनियासारखी दक्षिणी राज्येही हातची गेली. आर्थिक भरभराट आणि दारूबंदीचा वाद ही कारणे होतीच, पण ‘वॉशिंग्टनमध्ये पोपचे राज्य येईल’ ही भीती उघडपणे पसरवली गेली होती. सप्टेंबर १९६० मध्ये जॉन केनेडी यांना ह्यूस्टनमध्ये प्रॉटेस्टंट धर्मगुरूंपुढे उभे राहून, आपण पोपच्या हुकमाने चालणार नाही, अशी ग्वाही द्यावी लागली. त्या निवडणुकीत चारांतल्या तीन कॅथलिकांनी त्यांना मत दिले. साठ वर्षांनी जो बायडन हे दुसरे कॅथलिक अध्यक्ष निवडून आले, तेव्हा तक्रार नेमकी उलटी झाली. गर्भपाताबाबत ते चर्चचे ऐकत नाहीत, मग त्यांना पवित्र प्रसाद द्यावा का, यावर बिशपच वाद घालू लागले. आता कॅथलिकांचे एकगठ्ठा मत असे काही उरलेले नाही.

गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्त्यांचे, म्हणजे बायबलचा शब्द प्रमाण मानणाऱ्या आणि धर्मप्रसारावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंटांचे, मात्र आहे. २०१६ पासून पाचांतले साधारण चार जण रिपब्लिकन उमेदवाराला मत देत आले आहेत. याची सुरुवात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला त्या १९७३ च्या निकालापासून झाली असे सरसकट सांगतात. ते अर्धेच खरे आहे. बॅप्टिस्ट हा प्रॉटेस्टंटांचाच एक पंथ; त्यातल्या सदर्न बॅप्टिस्ट चर्चच्या परिषदेने १९७१ साली काही परिस्थितींत गर्भपाताला मुभा असावी, असा ठराव केला होता. सरकारी शाळांतल्या अधिकृत प्रार्थनेवर १९६२ साली आलेली बंदी आणि वर्णभेद पाळणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळांची रद्द होणारी करसवलत, या जखमाही तितक्याच खोल होत्या. १९७६ मध्ये या मतदारांतल्या अनेकांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या जिमी कार्टर या रविवारी बायबल शिकवणाऱ्या बॅप्टिस्टाला साथ दिली. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल या बॅप्टिस्ट धर्मगुरूंनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना काढली आणि पुढच्याच वर्षी हा वर्ग रिपब्लिकन रोनाल्ड रेगन यांच्यामागे गेला.

१९५४ च्या कायद्याने करमुक्त चर्चला उमेदवाराचा प्रचार करायला मनाई केली. त्यावर तोड निघाली ती पत्रकांची. १९९० च्या दशकात ‘ख्रिश्चन कोअलिशन’ ही संघटना मतदानाआधीच्या रविवारी चर्चमध्ये छापील तक्ते वाटत असे: डावीकडे एक उमेदवार, उजवीकडे दुसरा, मधे गर्भपात, कर, शाळा असे विषय, आणि पुढे ‘पाठिंबा’ किंवा ‘विरोध’. अमुक माणसाला मत द्या, असे कुठेही लिहिलेले नसे. लिहायची गरजही नसे.

बायबल तेच, पंथही बॅप्टिस्टच, पण कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये चित्र उलटे. तिथले बहुसंख्य लोक नेमाने प्रार्थनेला जाणारे, आणि तरी मत जाते डेमोक्रॅटिक पक्षाला. रविवारी प्रार्थना आटोपली की भाविक ठेवणीतल्या कपड्यांतच बसमध्ये बसून थेट मुदतपूर्व मतदान केंद्रावर जातात. या प्रथेला ‘सोल्स टू द पोल्स’ म्हणतात. २०२१ साली जॉर्जियात रविवारचे मतदान आखडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा रोख कोणावर आहे हे सर्वांना कळले. ओरड झाल्यावर ते कलम गळाले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अटलांटातल्या एबेनेझर चर्चचे पास्टर राफाएल वॉर्नॉक त्याच वर्षी जॉर्जियाचे सिनेटर झाले होते.

ज्यू मतदार बहुतांशी डेमोक्रॅट; अमेरिकेतच जन्मलेल्या मॉर्मन पंथाचे बहुतांशी रिपब्लिकन. मुस्लिम मत अधिक हलते: मिशिगन राज्यात डेट्रॉइटला लागून असलेल्या, मोठी मुस्लिम वस्ती असलेल्या डिअरबॉर्न शहरात २०२४ साली गाझातल्या युद्धावरच्या रागापायी कमला हॅरिस मागे पडल्या. त्याच डेट्रॉइट परिसरातून २०२२ मध्ये बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार अमेरिकेच्या संसदेवर, म्हणजे काँग्रेसवर, निवडून गेले. ते हिंदू, मतदारसंघात हिंदू मूठभर.

कोणताच धर्म न सांगणारे आता प्रौढांत चौथ्या हिश्श्याहून अधिक आहेत आणि त्यांचा कल डेमोक्रॅटिक पक्षाकडे आहे. पण काँग्रेसमध्ये ‘मला धर्म नाही’ असे उघड म्हणणारे सदस्य बोटांवर मोजण्याइतकेच. टेक्सास, टेनेसी अशा काही राज्यांच्या घटनांत ईश्वर न मानणाऱ्याला पद नाकारणारी कलमे अजून छापलेली आहेत. १९६१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती निष्प्रभ झाली, पण कोणी खोडलेली नाहीत.